आधी नोंद, मग मांडणी

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे माहेर आहे. तेथे शासनमान्य ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय असून त्याचे संकेतस्थळ २००९पासून चालू आहे. २०२३च्या दिवाळीत मी दिवाळी अंक योजनेची वर्गणी भरायला वाचनालयात गेले, तेव्हा ग्रंथपालकाकांनी पावती फाडता फाडता विचारले, “तू पुण्यात वेबसाइटचंच काम करतेस ना? मग आमची ही एकदा बघ. लोक फोनवर उघडतात आणि मग मलाच फोन करून वाचनालय कधी उघडं असतं ते विचारतात.” देवघेवीच्या वेळा पहिल्याच पानावर होत्या, पण एका चित्रात लिहिलेल्या, आणि ते चित्र फोनच्या पडद्यावर नखाएवढे उमटत होते.

मी बारा वर्षे फ्रंट-एंडचे, म्हणजे संकेतस्थळाचा ब्राउझरमध्ये दिसणारा भाग घडवण्याचे काम करते. त्यातील बराचसा काळ दुसऱ्या कोणी आखून दिलेली चित्रे ब्राउझरमध्ये हुबेहूब उतरवण्यात गेला आहे. येथे कोणी चित्र आखून देणारे नव्हते, पैसे नव्हते आणि त्यामुळे घाईही नव्हती. पुढचे सात महिने बहुतेक रविवार मी या कामाला दिले.

जुन्या पानाचा स्रोत, म्हणजे ते ज्या आज्ञांतून बनते तो मजकूर उघडला तेव्हा सगळे पान एका तक्त्यात बसवलेले दिसले. त्या तक्त्याच्या आत दुसरा तक्ता आणि त्याच्या आत तिसरा. दोन रकान्यांत अंतर हवे तेथे एक पिक्सेलची पारदर्शक प्रतिमा ताणून घातली होती, रुंदी ९८० पिक्सेलवर खिळवली होती आणि सूचना सरकत्या पट्टीतून धावत होत्या. हे करणाऱ्याला हसावे असे मला वाटले नाही. २००९मध्ये आपल्याकडच्या सायबर कॅफेंत इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती अजून चालत असे, आणि तिच्यात न मोडणारी दोन रकान्यांची मांडणी हवी असेल तर तक्ता हाच भरवशाचा मार्ग होता. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतील ग्रिड ही रकाने-ओळी आखण्याची सोय प्रमुख ब्राउझरांत येऊ लागली ती मार्च २०१७मध्ये. खटकली ती एक वेगळीच गोष्ट. जेथे खरोखर तक्ता हवा होता, त्या ग्रंथसूचीत एकाखाली एक डिव्ह (स्वतःचा काही अर्थ नसलेले साधे खोके) लावून रकाने टिंबांनी आणि मोकळ्या जागांनी सरळ केलेले होते.

त्याहून मोठी अडचण मजकुराचीच होती. सूची युनिकोड हा अक्षरांचा सार्वत्रिक संकेत न पाळणाऱ्या जुन्या फॉन्टात टंकलेली असल्यामुळे पडद्यावर ‘कादंबरी’ दिसे, पण तोच शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटे. म्हणजे त्या पानावर मराठी नव्हतीच, मराठीचे चित्र होते. अशा फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकतात, युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा असतो, आणि रूपांतर करणारी आज्ञावली जोडाक्षरे आली की हमखास चुकते. साडेसहा हजारांच्या आसपास नोंदी होत्या. आज्ञावलीने ‘ऱ्य’चा सरसकट ‘र्य’ केला आणि पाककलेच्या कपाटातील आचाऱ्यांना रातोरात आचार्यांचा मान मिळाला. या नोंदी तपासण्यात फेब्रुवारी संपला. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही, नुसते बसून वाचावे लागते.

खरे काम मार्चमध्ये सुरू झाले. मी ठरवले होते की एचटीएमएल, म्हणजे शीर्षक कोणते, यादी कोणती हे सांगणाऱ्या खुणांसह मजकूर, पूर्ण होईपर्यंत सीएसएसची एकही ओळ लिहायची नाही. हे नोकरीत कधीच जमत नाही, कारण पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी काहीतरी ‘दाखवायचे’ असते. पहिल्या पानाचे मार्कअप, म्हणजे याच खुणांचा मजकूर, लिहून झाल्यावर मी ते ब्राउझरच्या मूळ रूपात, पांढऱ्यावर काळे, कागदावर छापले आणि गावी घेऊन गेले. काकांनी आधी “रंग कुठे आहेत?” असे विचारले, पण मग खिशातून पेन्सिल काढली आणि आयुष्यभर तालिकापत्रे (ग्रंथांच्या नोंदींची कार्डे) वाचत आले त्याच सवयीने तो कागद वाचायला घेतला. दोन मिनिटांत पहिला आक्षेप आला. मी ‘सूचना’ आणि ‘वसंत व्याख्यानमाला’ ही दोन्ही शीर्षके एकाच पातळीवर ठेवली होती. त्यांच्या मते व्याख्यानमाला हा ‘उपक्रम’ या मुख्य विषयाखालचा उपविषय होता, आणि मी तर ‘उपक्रम’ असे शीर्षकच दिलेले नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी मी दुसऱ्या पातळीच्या शीर्षकाखाली थेट चौथ्या पातळीचे शीर्षक घातले होते, कारण तेथे अक्षर लहान दिसलेले बरे वाटत होते. काका म्हणाले, “८००मध्ये साहित्य, ८९०, मग ८९१, मग ८९१.४, आणि तेव्हा कुठे ८९१.४६ला मराठी येतं. मधली पायरी गाळून कपाट कसं लावणार?” पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाने शीर्षकांचा प्रश्न इतक्या झटपट सुटेल असे मला वाटले नव्हते. अक्षराचा आकार ही सीएसएसची बाब, पातळी ही मजकुराची बाब, हे मी नव्या मुलांना अनेकदा सांगत आले आहे. तरीही चूक माझीच निघाली.

आर्टिकल आणि सेक्शन या एचटीएमएलच्या दोन टॅगांत, म्हणजे खुणांत, फरक काय, यावर आमच्या धंद्यात न संपणारे वाद होतात. मी काकांना सांगितले की बाहेर कोठेही नेला तरी स्वतःच्या पायावर उभा राहतो तो मजकूर आर्टिकल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे ज्याचं कात्रण काढता येतं तो.” यापेक्षा नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. त्या कसोटीवर प्रत्येक सूचना आर्टिकल ठरली, कार्यकारिणीची नावे साधी यादी ठरली, आणि देवघेवीच्या वेळा, ज्यांच्यापासून हे सगळे सुरू झाले, त्या विभाग आणि सकाळ-संध्याकाळ अशा दोन दिशांनी वाचायच्या असल्यामुळे तक्ता ठरल्या. सूचनांवरील तारखा टाइम या टॅगात गेल्या. वाचणाऱ्याला ‘चैत्र शुद्ध प्रतिपदा’ दिसावी आणि यंत्राला त्याच दिवसाची इंग्रजी तारीख मिळावी, ही सोय त्यात आहे. सभासदत्वाचे नियम मला डिटेल्स आणि समरी वापरून मिटवून ठेवायचे होते, म्हणजे टिचकी मारल्यावर ते उघडले असते. काकांनी ते साफ नाकारले. नियम झाकून ठेवले की दंड भरताना लोक ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणतात, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. नियम क्रमांकित यादीत उघडे राहिले आणि त्यांचे आकडे देवनागरीत आणायला सीएसएसचा यादीशैलीचा एकच गुण पुरला. त्या गुणाला द्यायच्या मूल्याचे नावच ‘देवनागरी’ आहे.

पानाच्या सुरुवातीला भाषा सांगण्याचा एक गुणधर्म असतो. जुन्या पानावर तेथे इंग्रजी असे लिहिलेले होते, बहुधा कोठून तरी उचललेल्या साच्यासोबत आलेले. ते बदलून मराठी केले आणि पान जोडाक्षरांसकट तेच राहूनही अक्षरांचे वळण बदलले. देठ असलेला हिंदी वळणाचा ‘ल’ जाऊन आपला दोन पाकळ्यांचा ‘ल’ आला, ‘श’चेही तसेच झाले. ज्या फॉन्टात दोन्ही वळणांची रूपे असतात तो भाषा पाहूनच त्यांतील एक निवडतो. मी हे ऐकून होते, पण दोन अक्षरांच्या बदलाने एक संपूर्ण पान घरचे वाटू लागते हे प्रथमच पाहिले.

एप्रिलच्या शेवटी सीएसएसला हात लावला, आणि येथे मी काही काळ वाहवत गेले हे कबूल केले पाहिजे. नोकरीतील प्रकल्पांत जे वापरायला मिळाले नव्हते ते सगळे मला येथे वापरायचे होते. नियमांचे थर पाडणारे लेयर घेतले, रंग आणि अंतरे एकदाच ठरवून सगळीकडे वापरता येणाऱ्या कस्टम प्रॉपर्टींत ठेवली, शीर्षकांचे आकार क्लॅम्पने लवचीक केले. ‘नवी दाखल पुस्तके’ ही चौकट मुख्य रकान्यातही येते आणि बाजूच्या अरुंद पट्टीतही येते. पूर्वी मी तिच्यासाठी दोन वेगळे सीएसएस-वर्ग लिहिले असते, आता कंटेनर क्वेरीने ती चौकट पडद्याची रुंदी न पाहता स्वतःला मिळालेली जागा पाहून आपली रचना ठरवू लागली. ज्या पुस्तकाचे मुखपृष्ठ नाही त्याच्या चौकटीला वेगळी रचना देण्यासाठी पूर्वी जावास्क्रिप्टची आज्ञावली लागली असती; ते काम हॅज या निवडकाने (नियम कोणत्या घटकांना लागू हे सांगणाऱ्या सीएसएसच्या खुणेने) एका ओळीत केले. चौकटी ओळीत लावायला ग्रिडला एवढेच सांगितले की एकेक रकाना किमान १८ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या अठरापट) रुंद असावा आणि मावतील तेवढे रकाने पाड. फोन, टॅब्लेट आणि संगणक यांच्यासाठी वेगवेगळे नियम लिहावे लागले नाहीत.

देवनागरीने मात्र लगेच भानावर आणले. इंग्रजी संकेतस्थळांच्या सवयीने मी मुख्य शीर्षकाला किंचित अक्षर-अंतर दिले आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. शीर्षकांची ओळ-उंची १.२ ठेवली होती. ‘वर्गणीदारांची’ या शब्दाचा रफार आणि वरच्या ओळीतील उकार एकमेकांत अडकले, आणि चौकटीबाहेर जाणारा मजकूर कापण्याचा नियम जेथे होता तेथे अनुस्वारच गायब झाले. शीर्षकांना १.५ आणि मजकुराला १.७५ अशी उंची देऊन हा प्रश्न मिटला. वाचनालयाच्या केशरी रंगावरही थोडी वादावादी झाली. पांढऱ्यावर त्या केशरी अक्षरांचे रंगांतर-गुणोत्तर (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे माप) जेमतेम २.९ भरत होते, आणि साध्या मजकुराला किमान ४.५ हवे असते. कार्यकारिणीला रंग सोडायचा नव्हता. शेवटी केशरी रंग कडांना आणि रेषांना राहिला, अक्षरांना विटकरीकडे झुकणारी गडद छटा आली, आणि ती छटा कोणाच्या लक्षातही आली नाही.

मे महिन्यात पान पहिल्यांदा दुसऱ्यांच्या हाती दिले. वाचनालयाचे एक जुने सभासद निवृत्त शिक्षक आहेत. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली आहे आणि ते फोनवर टॉकबॅक या पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीच्या आधाराने वाचतात. मी त्यांच्या शेजारी बसले. गुरुजी पान वरून खाली ऐकत नाहीत. ते एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उड्या मारत जातात आणि हवे ते आले की थांबतात, म्हणजे काकांनी पेन्सिलने नीट केलेली ती उतरंडच त्यांचा नकाशा होती. येथवर सगळे ठीक चालले. मग त्यांनी विचारले, “पुस्तक शोधायची सोय नाही का केली?” शोधपेटी पानाच्या अगदी माथ्यावर होती. डोळ्यांना ती माथ्यावर दिसत होती. मार्कअपमध्ये ती सर्वांत शेवटी होती आणि मी ग्रिडमध्ये जागा नेमून तिला वर चढवले होते. ग्रिड दिसण्याचा क्रम बदलते, वाचण्याचा नाही. टॅबची कळ दाबत मी संगणकावर एकदा जरी फिरले असते तरी हे कळले असते. मी ती पेटी मार्कअपमध्येच वर नेली आणि ग्रिडचे ते तीन नियम खोडले.

गुरुजींची दुसरी तक्रार बडबडीची होती. मी मोठ्या हौसेने प्रत्येक मुखपृष्ठाला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचून दाखवायचे शब्द) दिला होता, ‘अमुक पुस्तकाचे मुखपृष्ठ’ असा, आणि लगेच खाली पुस्तकाचे नाव होतेच. त्यामुळे वीस पुस्तकांची नावे त्यांना चाळीस वेळा ऐकावी लागत होती. तेथील पर्यायी मजकूर रिकामा ठेवला, गुणधर्म मात्र काढला नाही. तो काढला असता तर टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरने प्रतिमेच्या फाइलीचे नाव वाचायला घेतले असते.

याच सुमारास ग्रंथसूचीच्या तक्त्याबाबत मी एक घोळ घातला. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, वर्गांक आणि ‘उपलब्ध’ असे पाच रकाने फोनवर मावत नाहीत, म्हणून अरुंद पडद्यावर प्रत्येक ओळ मोडून तिची चौकट करणे ही सर्वत्र चालणारी युक्ती मी वापरली. त्यासाठी तक्त्याच्या भागांचा डिस्प्ले, म्हणजे ते कसे मांडायचे हे सांगणारा सीएसएसचा गुण, बदलावा लागतो, आणि तो बदलला की काही ब्राउझर त्याला तक्ता मानणेच सोडून देतात. माझ्या भाचीच्या आयफोनवर व्हॉइसओव्हर हा तेथील स्क्रीन रीडर लावून ऐकले तेव्हा कोणता आकडा दाखल क्रमांक आणि कोणता वर्गांक हे कळायला मार्ग राहिला नव्हता. म्हणजे जुन्या पानाने मोकळ्या जागांनी जे केले होते तेच मी नव्या सीएसएसने केले होते. तक्ता तक्ताच ठेवून तो आडवा सरकवता येईल अशा चौकटीत बसवला आणि ग्रंथनामाचा रकाना डावीकडे चिकटवून ठेवला. दिसायला हे कमी देखणे आहे.

जूनमध्ये कार्यकारिणीच्या सभेत पान दाखवायचे होते. कोषाध्यक्षांनी स्वतःचा फोन काढून पत्ता उघडला आणि फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर रंग नाही, रकाने नाहीत, फॉन्ट नाही. मार्चमध्ये मी कागदावर छापून नेले होते तेच नागडे पान. फोन अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीचा होता आणि त्यावरील क्रोमची वाढ ९५व्या आवृत्तीवर थांबलेली होती. लेयर क्रोममध्ये आले ते ९९व्या आवृत्तीत, आणि ब्राउझरला लेयर कळत नसेल तर तो त्या कंसातील सगळेच नियम सोडून देतो. माझे सगळेच नियम कोणत्या ना कोणत्या लेयरमध्ये होते. मी ओशाळून खुलासा करू लागले, तर कोषाध्यक्ष फोन परत घेऊन वाचू लागले होते. त्यांनी वेळा वाचल्या, सूचना वाचल्या, नियम क्रमांक चारमधील अनामत रक्कम जुनी आहे हे सभेच्या निदर्शनास आणले आणि म्हणाले, “अक्षर थोडं मोठं करता आलं तर बघा.” पान बिघडलेले आहे हे त्यांना समजलेच नव्हते.

पुण्याला परतल्यावर आधी वाटले की पायाभूत नियम तेवढे लेयरबाहेर काढावेत. ते चालत नाही. लेयरबाहेरचा साधा नियम लेयरमधील साध्या नियमावर मात करतो, तेव्हा नव्या ब्राउझरांत पायाच कळसावर चढून बसला असता. दोन रविवार झगडून मी लेयर पूर्णपणे काढून टाकले, फाइलींचा क्रम नीट लावला आणि पायाभूत नियमांचा जोर कमी ठेवण्यासाठी त्यांचे निवडक व्हेअर या सोयीत गुंडाळले. ते ८८व्या आवृत्तीपासून चालते. कंटेनर क्वेरी आणि हॅज ही दोन्ही क्रोमच्या १०५व्या आवृत्तीतील, पण ती न कळल्याने फारसे बिघडत नव्हते. चौकट साध्या एका रकान्यात दिसते इतकेच. फक्त हॅजचे नियम इतर निवडकांच्या यादीत न मिसळता वेगळे लिहावे लागले, कारण यादीतील एक निवडक अनोळखी असला तरी जुना ब्राउझर संपूर्ण नियम फेकून देतो. पुढच्या सभेला कोषाध्यक्षांच्या फोनवर रंग दिसले. त्यांनी त्याबद्दल काही म्हटले नाही, अक्षर मोठे झाल्याबद्दल मात्र समाधान व्यक्त केले.

शेवटचे काम छपाईचे होते, आणि ते मी माझ्या यादीत धरलेलेच नव्हते. दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी दाराजवळच्या फलकावर लागते. काका ती इतकी वर्षे वेगळी टंकून घेत असत. मी छपाईसाठी दहा-बारा नियम लिहिले. नेव्हिगेशन, शोधपेटी आणि पानाचा तळभाग लपवले, पार्श्वभूमी काढली, तक्त्याची ओळ दोन पानांत तुटू नये अशी तजवीज केली. रकान्यांची नावे प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा यावीत यासाठी काही करावे लागले नाही. ती टीहेड या तक्त्याच्या शीर्षभागाच्या टॅगात असली की ब्राउझर छापताना ती स्वतःच पानागणिक देतो, आणि आडव्या-उभ्या भानगडी करूनही डिव्हांच्या सूचीला हे कधी साधले नसते.

जुलैच्या यादीची चार पाने निघाली. काकांनी ती फलकावर लावण्याआधी टेबलावर पसरली, लाल शाईचे पेन घेतले आणि वाचायला बसले. सात चुका निघाल्या. दोन ‘ऱ्य’च्या होत्या, माझ्या नजरेतून सुटलेल्या. उरलेल्या पाच त्यांनी दाखल नोंदवही काढून पडताळून पाहिल्या. त्या हस्तलिखित नोंदवहीतच तशा होत्या, आणि अक्षर त्यांचे स्वतःचे होते.